वकिलातीतले साहेब आमच्या खळ्यात

नव्वदच्या दशकात भिवंडीजवळ आमच्या काल्हेरच्या भातशेतांत गोदामं उभी राहू लागली आणि घरोघरी भाऊ भावाला ओळखेनासा झाला. माझ्या बाबांचं आणि काकांचं फाटलं ते गोदामाच्या ट्रकचा रस्ता कुणाच्या वाट्यातून काढायचा यावरून. दोघांची दारं एकाच खळ्यावर, म्हणजे अंगणावर, समोरासमोर, तरी कित्येक वर्षं बोलणं बंद. त्यात माझं लग्न ठरलं. मंडप घालायचा तर खळ्यातच, आणि निम्मं खळं काकांचं. काका साफ नाही म्हणाले, तेव्हा बाबा भिवंडीत हॉल बघायला लागले. मला हॉल नको होता. ज्या काकांच्या खांद्यावर बसून मी वज्रेश्वरीची जत्रा पाहिली, ते माझ्या लग्नाला नसणार, हे मला पटतच नव्हतं.

तेवढ्यात निवडणूक आली. एका पक्षानं निवृत्त राजदूत आणून उभा केला. सगळी हयात परदेशातल्या वकिलातींत गेलेली. भांडणाऱ्या देशांना एका टेबलाशी बसवायचं त्यांचं काम, असं पत्रकात छापलं होतं. आम्ही हसलो. यंत्रमागांच्या खडखडाटात या माणसाचा आवाज शेजारच्याला ऐकू जात नव्हता. हिंदी बोलत, तीही पुस्तकातली. याला कोण मत देणार!

ते आमच्या दारी आले ते भर उन्हात. चहा देताना बाबा म्हणाले, "समोरच्या घरातली मतं माज्या हातात न्हाईत." साहेबांनी कारण विचारलं, बाबांनी मंडपापर्यंत सगळं सांगितलं. साहेबांनी कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. तुमची बोली मला नीट कळत नाही. जे बोलतील ते जसंच्या तसं सांगायचं, काही गाळायचं नाही."

बरोबरचा कार्यकर्ता कासावीस झाला. "साहेब, भिवंडीत सभा हाय. लोकं थांबलीत."

"थांबू देत," साहेब म्हणाले.

आम्ही समोरच्या दारात पोचताच काका गरजले, "त्याला सांगा, माजे हद्दीत खांब रोवला तर उपटून फेकीन!" मी शब्दन् शब्द सांगितला. साहेबांनी मान डोलावली, खळं ओलांडलं आणि बाबांना म्हणाले, "खांब कुठवर आलेले चालतील, ते सांगायला ते तयार आहेत." मी बघतच राहिले. बाबा तडकले, "मी भीक मागणार न्हाय त्याचेकडं!" साहेब परत समोर गेले. "तुमच्या हक्काचं त्यांना काही नको आहे," म्हणाले. काकांनी आपल्या हद्दीतल्या शेवग्याच्या झाडाकडं नजर टाकली. मग हळूच पुटपुटले, "मंग मंडप मावंल कसा?"

मधल्या खेपेत मला राहवलं नाही. "साहेब, हे खोटं नाही का?"

"नाही. रागात माणूस एक गोष्ट बोलतो समोरच्याला लागावी म्हणून आणि एक स्वतःला हवी म्हणून. मी दुसरी तेवढी पोचवतो."

"आणि रस्त्याचं?"

"तो विषय आज काढायचाच नाही. काढला तर तुझं लग्न राहील."

ऊन कलेपर्यंत ते या दारातून त्या दारात जात राहिले. सदरा घामानं पाठीला चिकटला होता, आवाज एकदाही चढला नाही. कुठल्या कुठल्या देशांच्या भांडणात हा माणूस असाच चालला असेल, असं मनात आलं. शेवटी शेवग्याच्या झाडापर्यंत मंडप घालायला काका कबूल झाले. सभा केव्हाच उठून गेली होती.

साहेबांचं डिपॉझिट गेलं. राजकारण त्यांचं काम नव्हे, असं नाक्यावर जो तो म्हणत होता. मला मात्र त्यांच्याएवढा मोठा माणूस आजवर दिसला नाही. दोन्ही घरांनी त्यांना मत दिलं होतं, एवढं मला ठाऊक आहे.

मंडपाच्या दिवशी बाबांनी बरोब्बर शेवग्याशी खड्डा खणला, वीतभरही पुढे नाही. काका आपल्या दारात उभे राहून बघत होते. मग तरातरा आले, खांबाला हात घातला आणि ओढत आपल्या उंबऱ्याकडं न्यायला लागले.

"दादा, एवढ्यात वऱ्हाड बसंल काय? पोरगी माजी न्हाय काय?"

बाबा खांबाजवळ आले. पण अबोल्याची सवय मोडली नव्हती. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "त्याला सांग, खांब जड हाय, एकट्यानं उचलू नको."

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "ऐकलं मी."