विलीन झालेले पॉइंट आणि ग्वाल्हेरचा किल्ला

ग्वाल्हेर स्टेशनाच्या आधी किल्ला येतो. रेल्वेच्या खिडकीतून तो लांबलचक डोंगर दिसला आणि आईने माझा हात घट्ट धरला. तिचं बालपण इथल्या गोरखी भागात गेलं. लग्न होऊन पुण्याला आल्यावर ती किल्ल्यावर कधी गेली नव्हती आणि आता गुडघे चढू देत नव्हते. भाड्याच्या गाड्या वापरून वर्षानुवर्षं साठवलेले पॉइंट मी या दिवसासाठी राखले होते. फुकट गाडी, चालवणार मीच, थेट वरपर्यंत, आणि संध्याकाळी परतीची रेल्वे.

उतरल्यावर दौलतगंज बाजारात बेडई (डाळ भरलेली पुरी) आणि बटाट्याची झणझणीत भाजी खाल्ली. असा नाश्ता पुण्यात मिळत नाही, हे पुणेकर असून कबूल करतो.

गाड्यांच्या कचेरीत मात्र तोंडची चव गेली. माझे पॉइंट ज्या कंपनीत होते ती एका मोठ्या कंपनीत विलीन झाली होती. माझा जुना सभासद क्रमांक नवा संगणक ओळखेना. पैसे भरले असते तर दारातली गाडी लगेच मिळाली असती. पण पॉइंट माझे हक्काचे! मी हटून बसलो.

काउंटरवरच्या वैशालीताई ग्वाल्हेरच्याच मराठी निघाल्या. "काकू, तुम्ही बसून जा. दादा, टेन्शन नका घेऊ, मी पूर्ण चेष्टा करते."

"चेष्टा पुरे झाली!" मी भडकलो.

आईला हसू आवरेना. "अरे, इथे चेष्टा म्हणजे प्रयत्न!"

मी ओशाळलो. ताई मात्र फोनवर दिल्लीशी भांडत होत्या : "सर, रियासत विलीन हुई तो मेरे दादाजी की पलटन फौज में मिली थी। तब भी पुरानी नौकरी गिनी गई। आप इनके पॉइंट नहीं गिन सकते?" काय बाई होती! मी पाहतच राहिलो.

दिल्ली बधली नाही. दुपारी मी मुकाट्याने पाकीट काढलं, तोवर दारातली गाडी वऱ्हाड घेऊन गेली होती. लग्नसराईत दुसरी मिळेना. आई नुसती पदर सारखा करत राहिली. मला माझीच लाज वाटली.

ताईंनी जेवणाचा डबा पिशवीत टाकला. "चला, माझी छोटी गाडी आहे. जेवणाची सुट्टी आहे, तासाभरात आणून सोडते."

किल्ल्याच्या उरवाई दरवाजाने वर गेलो. मानमंदिर महालाच्या भिंतीवर, निळ्या फरशांत रंगवलेली पिवळी बदकं अजून रांगेत आहेत. आई मान वर करून ती मोजत राहिली, चुकली, पुन्हा मोजली. ताई डबा न उघडता तिच्यासोबत मोजत होत्या. "इथे राहून वर कोण येतं, काकू? मी पण किती वर्षांनी आले."

पुण्याला परतल्यावर आठवड्याने कंपनीचा संदेश आला : पॉइंट मान्य, वापर फक्त ग्वाल्हेर शाखेत. मी कपाळावर हात मारला. काउंटरवर हट्ट धरून मिळाला नाही तो किल्ला एका बाईने सहज दाखवला होता, आणि आता हे पॉइंट!

आईने चष्मा लावून संदेश दोनदा वाचला.

"वैशालीला फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, या खेपेला तू मागे बसायचं. आम्ही फिरवतो."