आण्णांची काडेपेटीची लेबलं

मित्रांनो, काल मी एक लई वंगाळ काम केलंय. आमच्या गल्लीतल्या आण्णांना आवाज बदलून फोन केला.

आण्णा म्हंजे रिटायर क्लार्क. काडेपेटीवरची जुनी लेबलं जमवायचा त्यांना नाद. जास्तीची असतील ती रविवारी एसटीनं कर्नाटकात निपाणीला जाऊन एका दोस्ताला इकायची आणि त्याच्याकडनं दुसरी आणायची.

मी फोनवर म्हटलं, "सेल्सटॅक्स हापिसातनं बोलतोय. माल बॉर्डरपल्याड इकताय, टॅक्सचा नंबर काढलाय काय? उद्या घर तपासायला येतोय."

"सायेब, माल कुठला? कागदाचे कपटे हायत हो," आण्णा म्हणाले. मी हसू दाबून फोन ठेवला.

आज सकाळी, काल गंमत केली म्हणून सांगायला गेलतो, तर आण्णा मागच्या दारात बंबापुढं बसलेले. लेबलांची शेवटची वही जळत होती. तीस वर्षांचं जमवलेलं सगळं गेलं.

"आण्णा, हे काय केलं वो?"

"आयुष्यात कधी नोटीस घेतली न्हाय रे. आता म्हातारपणी दारात सायेब नको." मग हळूच म्हणाले, "तुला मोराचं लेबल दिलंतं न्हवं? ते पण फाडून टाक बाबा. माझ्यापायी तुला तरास नको."

मी खरं न सांगता तसाच घरी आलो.

आता खरं सांगावं, तर सगळं उगंच जाळलं हे त्यांना कळणार. न सांगावं, तर रोज दाराकडं बघत बसणार. तुम्ही काय केलं असतं? हितंच सांगा. पण पाया पडतो, गल्लीत कुणाला बोलू नका.