कॅनडातून चालतं, वरठीहून नाही

"संपलेल्या व्हिसावर कॅनडातून घुसली होती न थे, मंग आता कायले अडकली? काही तरी लपवून राहिली पोरगी, बाई."

सानगडीची मावशी स्वयंपाकघरात माझ्या आईला सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत, सकाळपासून पाचव्यांदा, फोनवर माझ्या नव्या व्हिसाच्या अर्जाचं तेच पान उघडून बसले होते. पासपोर्ट तपासणीत आहे. सात आठवडे तेवढं एकच वाक्य.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी अमेरिकेहून तीन आठवड्यांच्या रजेवर वरठीला आले होते. आई काठीशिवाय चालायलाही लागली, मी मात्र घरातच. महिनाअखेरपर्यंत वाट पाहू, असं कंपनीनं कळवलं होतं. त्याला सहा दिवस उरले होते.

कॅनडाची गोष्ट आईनेच पसरवलेली. मी दोनदा, चार-चार दिवसांसाठी तिकडे जाऊन आले, तेव्हा माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता. पण अमेरिकेत राहण्याचा कागद चालू असेल आणि कॅनडातून महिनाभरात परतलं, तर जुना व्हिसा चालतो. भारतात आलं की चालत नाही, नवा घ्यावा लागतो. सीमेवरच्या माणसानं कागद पाहिला आणि मान वर न करता पुढच्याला बोलावलं, इतकंच घडलं होतं. आईनं ते फोनवर ऐकलं आणि कॉलनीभर सांगितलं, "माझ्या पोरीले बिना व्हिसाचं घेतलं. वळखतात तिले तिकडे!"

मी ते कधी खोडलं नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणाऱ्या मुलीला परदेशात ओळखतात, हे ऐकायला बरं वाटायचं. आता तीच गोष्ट उलटून माझ्या अंगावर आली होती.

मावशी तिसऱ्यांदा मला निरोप द्यायला आली होती. दर वेळी घरचा चिन्नोर तांदूळ, पांढऱ्या कापडाच्या पिशवीत, तोंड सुईदोऱ्यानं शिवलेलं. आधीचे दोन निरोप आम्ही भात करून खाल्ले होते.

"नोकरीवरून काहाडलं असन," मावशीचा आवाज खाली आला, पण पुरेसा नाही. "नाही तं पोरगाबिरगा असन. इचारलं का तू तिले?"

आई काहीच म्हणाली नाही. मावशीचं बोलणं मी गिळलं असतं. आईचं गप्प राहणं गिळता येईना.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. डोक्यात सगळं इंग्रजीत मांडून तयार होतं, मुद्देसूद आणि इथे कुणाच्याच कामाचं नसलेलं. दोघींनी वर पाहिलं. तांदळाची पिशवी आईच्या मांडीवर होती.

"मावशी, मले तिकडे कोणी वळखत नाही. काहाडलंही नाही कोणी. जुन्या व्हिसावर कॅनडातून जाता येते, वरठीहून नाही येत. हे मले निघताना मालूम होतं. तरी आली."