उदक सोडल्यानंतरचा सोनचाफा

सुमतीताईंची माझी पहिली ओळख कानउघाडणीने झाली. मी वसईच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर. नालासोपाऱ्यातल्या स्वच्छतागृहाचे ‘माननीयांच्या हस्ते लोकार्पण’ झाल्याची बातमी मी दिली होती. ताईंचा फोन आला. “संस्कृत शिकलायत ना? अर्पण आपल्या वस्तूचं करतात. माननीयांनी घरून काय आणलं होतं?”

“कात्रीसुद्धा आयोजकांची होती,” मी कबूल केले.

त्या शब्दाचा अर्थ ताईंनी पुढे स्वतःच दाखवला. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर गिरीजच्या आपल्या घराचा पुढचा भाग, अंगणासकट, त्यांनी अभ्यासिकेसाठी दिला. एका खोलीच्या घरात पुस्तक उघडायला जागा नसलेली मुले तिथे येऊन बसू लागली. समारंभात पाहुण्यांनी कात्री उचलली, तशा ताई म्हणाल्या, “थांबा. आधी उदक.” तळहातावर तुळशीचे पान ठेवून त्यांनी पाणी सोडले आणि “न मम” म्हणाल्या, हे आता माझे नाही. पाणी सुटले की हक्क सुटला, असा दानाचा जुना रिवाज. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि जेवायला गेलो.

अंगणात सोनचाफा होता, ताईंच्या दिवंगत यजमानांनी लावलेला. त्या दिवसापासून ताईंनी त्याचे फूल तोडले नाही. खाली पडलेले उचलून त्या यजमानांच्या तसबिरीला वाहत.

गेल्या वर्षी मुले वाढली, खोली वाढवायची ठरली आणि नेमका चाफा आड आला. अभ्यासिकेच्या समितीचे बाळूभाऊ, गास गावचे, ताईंना विचारायला निघाले. त्यांच्याबरोबर मीही गेलो.

“ताई, चाफा काढावा लागंल. पन तुमी नको बोललात तर नको.”

“मला कशाला विचारता? मी पाणी सोडलंय.”

“पन सरांनी लावलेला...”

ताई झाडाकडे बघत राहिल्या. “म्हणूनच सांगते, बाळूभाऊ, विचारू नका. विचारलंत तर मी नाही म्हणेन.”

आम्ही विचारले नाही. झाड पडले त्या सकाळी ताई आत मुलांना शब्दरूपे म्हणून दाखवत होत्या. आवाज जरा मोठा होता, इतकेच.

आता बाळूभाऊंच्या वाडीतून रोज सोनचाफ्याचे एक फूल येते. पहिल्या दिवशी ताईंनी विचारले, “हे अभ्यासिकेचं का?”

“नाय ताई. तुमचं.”

ताईंनी ते दोन्ही हातांनी घेतले.

ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. देण्यासारखे होते ते त्यांनी मागे न बघता देऊन टाकले. म्हणून एक विनंती: पुढची निरोगी वर्षे तरी त्यांनी आपलीच मानावीत. त्यांवर उदक सोडायची घाई नको. आमच्या हातून अजून पुष्कळ लोकार्पणे छापून व्हायची आहेत; त्यांचा फोन यायला हवा.