देशाविरुद्ध गोल आणि आबांची खुर्ची

आयुष्यात मी एकूण तीन गोल मारले. मी बचावफळीत खेळायचो, त्या मानाने आकडा वाईट नाही. पहिले दोन कुणाच्या लक्षात नाहीत, मलाही नीट आठवत नाहीत. तिसऱ्याने मात्र आमच्या गावात असा धुरळा उडवला की अजूनही मी एसटीतून उतरलो की कुणीतरी विचारतंच, "काय मंग, सध्या कोणत्या देशाकडून?"

हसनाबादहून थोडं आत आमचं गाव. घरी मेंढरं. चौथीपर्यंत मी गावच्या शाळेत होतो आणि त्या शाळेतली माझी सगळ्यात ठळक आठवण धड्यांची नाही, खिडकीची आहे. पावसाळ्यात मैदानावर गुडघाभर गवत यायचं. ते बघून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, राहवायचं नाही आणि ते मेंढरं घेऊन आत शिरायचे. मग तेव्हाचे हेडमास्तर लाकडी पट्टी घेऊन धावत सुटायचे. पुढे मेंढरं, मागे आबा, त्यामागे हेडमास्तर. सगळा वर्ग खिडकीशी उभा राहून हसायचा. मीही हसायचो, कारण हसलो नसतो तर तो माझा बाप आहे हे उघड झालं असतं. तसं ते सगळ्यांना माहीतच होतं.

मेंढराला हाताने ओढलेलं चालत नाही. गुडघा मध्ये घालून, अंग आडवं करून वळवावं लागतं. पुढे संभाजीनगरला वसतिगृहात शिकायला गेलो तेव्हा तिथल्या खेळाच्या सरांना माझी ही अंग आडवं घालायची सवय फार आवडली. त्याआधी फुटबॉल मी हातातसुद्धा धरला नव्हता. आबांना माझं काम समजावताना मला काहीच त्रास पडला नाही. "आपल्या हद्दीत कोणी घुसू न्हाई म्हणून राखण करतो," मी म्हणालो. आबा विचारात पडले. "हे तर आपलंच काम झालं," ते म्हणाले, "याचा बी पगार देतात?"

इथल्या क्लबांमध्ये काही वर्षं मी राखीव खेळाडूंत बसून काढली. अखेर काठमांडूच्या एका क्लबाने बोलावलं आणि मी गेलो. गावात 'परदेशात खेळतो' अशी बातमी झाली. नेपाळला जायला आपल्याला पासपोर्टही लागत नाही, हे मी मुद्दाम कुणाला सांगितलं नाही.

एका वर्षी माझी सुट्टी नेमकी जानेवारीच्या शेवटी आली आणि ग्रामपंचायतीने ठरवलं की २६ जानेवारीला शाळेत प्रमुख पाहुणा मीच. सरपंच बाई होत्या, त्यामुळे ठरवण्याचं काम त्यांचे यजमान करायचे. त्यांनी भोकरदनहून भला मोठा फ्लेक्स करून आणला आणि चौकात लावला. फ्लेक्सवाल्याकडे खेळाडूचं धड एकच होतं, क्रिकेटवाल्याचं. त्यावर त्याने माझं डोकं बसवलं, हातातली बॅट पुसली, पण पायाचे पॅड राहून गेले. अंगात भारताची निळी जर्सी, जिच्या मी कधी जवळपासही गेलो नव्हतो. खाली 'गावचा अभिमान' आणि त्याखाली बावीस शुभेच्छुकांचे फोटो, कुणी गॉगल लावून, कुणी फोन कानाला लावून. यजमानांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता. बावीसांत माझा सख्खा चुलता मात्र नव्हता. केदारखेड्याला असतो तो. आमच्याकडे येत नाही, आम्हीही जात नाही. का, ते घरात कधी कुणी सांगितलं नाही.

प्रमुख पाहुण्याच्या आईवडिलांना पहिल्या रांगेत खुर्च्या, असं नवे हेडमास्तर स्वतः घरी येऊन सांगून गेले. ज्या मैदानातून आबांना पट्टीने हाकललं, त्याच मैदानात हेडमास्तरांच्या शेजारी खुर्ची. आबांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातून नवं पागोटं आणलं. एक अडचण होती. आबांना खुर्चीत बसता येत नाही. जन्म उकिडवं बसण्यात गेला. खुर्चीत बसले की पाय आपोआप वर घेतात. माय फोनवर सांगायची, "रोज चाचाच्या हॉटेलात जाऊन खुर्चीवर बसून राह्यले. पाय खाली सोडायची सवय करून राह्यले. चहा बी घेत न्हाईत, नुसते बसतात." चाचा म्हणजे चौकातले मुसलमान हॉटेलवाले, सगळ्या गावाचेच चाचा.

मला हसू आलं. खरं सांगायचं तर मला भाषणाचा मनस्वी तिटकारा आहे. तो कार्यक्रम मी निव्वळ त्या खुर्चीपायी कबूल केला होता.

आणि २६ जानेवारीच्या दहाएक दिवस आधी आमची मॅच भारतातल्या एका क्लबशी पडली.

आता क्लब म्हणजे देश नव्हे. त्यांच्यात आफ्रिकेतले दोघे होते, आमच्यात मी होतो. पण टीव्हीवर मॅच दाखवणाऱ्याने स्कोअरच्या शेजारी झेंडे लावले. तिकडे तिरंगा, इकडे नेपाळचा. पुढचा सगळा घोटाळा त्या बोटाएवढ्या झेंड्यांनी केला.

मला बघायला गाव चाचांच्या हॉटेलातल्या टीव्हीसमोर जमलं होतं. पुढचं मला चाचांनी सांगितलं. पहिली पाच मिनिटं सगळे माझ्या नावाने ओरडत होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तिरंगा तर दुसऱ्या बाजूला आहे. बरीच चर्चा होऊन मध्यंतरापर्यंत असं ठरलं की मी खेळावं झकास, पण माझा संघ हरावा.

उत्तरार्धात आम्हाला कॉर्नर मिळाला. मी उंच, म्हणून मला पुढे पाठवलं. चेंडू आला, माझ्या कपाळावर आदळला आणि जाळ्यात गेला. यात माझं कर्तृत्व कपाळाएवढंच. पण गोल झाला तो झाला. फुटबॉलमध्ये एक रीत आहे. आपल्याच माणसांविरुद्ध गोल झाला तर नाचायचं नाही, दोन्ही हात वर करून गप उभं राहायचं. मी तसा उभा राहिलो. साथीदार पाठीवर चढत होते, आणि मी आपला हात वर करून खांबासारखा उभा.

ही रीत जगभर ठाऊक आहे, आमच्या गावात नव्हती. त्यामुळे दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, गावच्या पोराने देशाविरुद्ध गोल मारला. दुसऱ्या तटाचं म्हणणं, गोल मारला ते ठीक, पोटाचा धंदा आहे, पण हात काहून वर केले? पोलिसांनी धरल्यावाणी? ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यासाठी दोन उड्या मारल्या असत्या तर काय बिघडत होतं? म्हणजे निम्म्या गावाच्या लेखी मी भारताशी बेइमान झालो आणि उरलेल्या निम्म्याच्या लेखी नेपाळशी. आबांची तक्रार तिसरीच होती. फोनवर ते एवढंच म्हणाले, "राखणदारानं जागा सोडून पुढं कशाला जायचं?"

सुट्टीवर आलो तेव्हा चौकात फ्लेक्स जागेवरच होता. तो फाडायची भाषा झाली होती म्हणे, पण बावीस शुभेच्छुकांपैकी स्वतःचा चेहरा फाडायला कुणी तयार होईना. शेवटी फक्त माझ्या तोंडावर पांढरा कागद चिकटवला. त्यामुळे पॅड बांधलेला एक बिनतोंडाचा माणूस बावीस जणांच्या शुभेच्छा घेत उभा होता.

चाचांनी मला आत बोलावून चहा दिला. मी रागाने धुमसत होतो. मी आयुष्यात देशाचं वाईट चिंतलं नाही आणि हे लोक मला विचारतात कोणाच्या बाजूने, असं बरंच बडबडलो. चाचा फडक्याने टेबल पुसत ऐकत होते. मग म्हणाले, "बेटा, तेरेकू पहली बार पूछ रहे. मेरेकू तो हर मॅच के बाद पूछते. आदत हो जाती." आणि हसून कढईकडे वळले. त्यांच्याकडे लहानपणापासून चहा पीत आलो, पण हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. लाज वाटली.

तेवढ्यात यजमान आणि नवे हेडमास्तर समोर येऊन बसले. यजमान म्हणाले, "तुला बोलावलं ते बोलावलं. आता शब्द फिरवता येत न्हाई. पण माइकवर आधी माफी माग, मंग भाषण कर."

"कशाची माफी?"

"ते तू बघ ना. शिकलेला हायेस." मग जरा थांबून म्हणाले, "न्हाई जमत तर दुसरा पाहुणा पाहतो. मंग खुर्च्या बी त्याच्याच घरच्यांच्या."

माझं डोकं तडकलं. फ्लेक्सवरच्या त्यांच्या फोटोबद्दल एक वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण दाराजवळच्या कोपऱ्यात आबा बसलेले दिसले. रोजच्यासारखे, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाय खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यागत. त्यांना आमचं बोलणं ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. "मागतो," मी म्हणालो.

२६ तारखेला सकाळी झेंडावंदन झालं. राष्ट्रगीत झालं, तेव्हा यजमान माझ्या ओठांकडे बघत होते. मी जरा मोठ्यानेच म्हटलं. मग सगळे बसले. पहिल्या रांगेत माय आणि आबा. नवं पागोटं, धुतलेलं धोतर, पाय जमिनीवर. इतक्या दिवसांची मेहनत फळाला आली होती. माझं नाव पुकारलं. मी माइकशी गेलो आणि सुरुवात केली, "माझ्याकडून जे काही झालं, त्याबद्दल मी गावाची..."

"थांब," आबा म्हणाले.

आबांचा आवाज शिवारापलीकडच्या मेंढराला ऐकू जातो, त्यांना माइक लागत नाही. ते उभे राहिले होते. यजमान म्हणाले, "बसा आबा, पोराला बोलू द्या."

"बसतो. आधी मला इच्यारू द्या." ते मैदानाकडे वळले. "माझे मेंढरं ज्यानं ज्यानं आपल्या वावरात बसवून घेतले, त्यानं हात वर करा."

कळप रात्रभर शेतात बसवला की लेंड्यांचं नि मुताचं खत जमिनीला मिळतं. शेतकरी त्याच्या बदल्यात ज्वारी देतो आणि घरी जाऊन झोपतो. सगळी भिस्त मेंढरंवाल्याच्या इमानावर. हळूहळू हात वर गेले. जवळपास सगळ्या मैदानाने दोन-दोन नसले तरी एक-एक हात वर केला होता. यजमानांनीही, जरा उशिरा.

"केदारखेड्याच्या शिवारात एका पाटलाच्या वावरात मेंढरं बसवले व्हते," आबा म्हणाले. "बांधाला बांध लागून माझ्या भावाचं वावर. भाऊ म्हणला, पाटील झोपलाय, दोन घंटे इकडं वळव. म्या एक मेंढरू वळवलं न्हाई. वळवलं असतं तर तुमच्यातल्या कोणी मला पुन्हा बोलावलं असतं का?"

"न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"ज्याच्या वावरात बसलो त्याचं खत. पोरगं माझं नेपाळच्या वावरात बसलं व्हतं. माफी मागायचीच तर जागा सोडून पुढं गेला, त्याची मागू द्या."

आधी बायका हसल्या, मग सगळं मैदान हसलं. हात अजून वर राहिलेले लोक ते हळूच खाली घेऊ लागले. यजमानांनी टाळी वाजवली, कारण सगळे वाजवत होते. नवे हेडमास्तर खरंच भला माणूस. ते धावत आले आणि आबांचा हात धरून म्हणाले, "बसा ना आबा, खुर्चीवर बसा."

आबांनी खुर्चीकडे एकदा पाहिलं. "बसलो की मघाशी," ते म्हणाले. "झालं तेवढं." आणि फाटकाकडे चालू लागले. माय मात्र जागची हलली नाही. जिलेबी वाटून होईपर्यंत तिने खुर्ची सोडली नाही.

मी भाषण दोन वाक्यांत उरकलं आणि आबांच्या मागे पळालो. ओढ्याजवळ गाठलं. मी शेजारून चालू लागलो.

"एक सांग," आबा म्हणाले. "हात काहून वर केले व्हते?"

"फुटबॉलात तशी रीत असते."

"रीत राहू दे. तुला काय झाल्तं?"

मला जगातल्या कुणीही हे विचारलं नव्हतं. "समोर आपलीच माणसं होती, आबा," मी म्हणालो. "बरं न्हाई वाटलं."

ते थोडं पुढे गेले. मग मागे न बघता म्हणाले, "म्या बी त्या रातीला भावाच्या वावराकडं पाठ करून बसलो व्हतो. पार उजाडंस्तवर."