मरियमच्या खांद्यावरची गाठ

मुलुखियाच्या भाजीची जुडी निम्मीच खुडून झाली होती, तेवढ्यात शेजारच्या शुहदाखालाच्या दारात तिला भरतकाम देणाऱ्या उस्ताद बदरानचा आवाज आला. हातातली पानं टोपलीत टाकून, डोक्यावरची ओढणी सावरत मी धावले. आज तो तिची भरतकामाची चौकट कायमची न्यायला येणार होता.

खालाला वाचता येत नाही. चाळीस वर्षं ती कापडाच्या काठावर पिवळ्या रेशमानं ‘बरकत’ भरते, आईनं शिकवली तशी, नुसत्या आकारानं. मधल्या अक्षरावर एक जादा गाठ. आईचा धागा तिथं एकदा तुटला, तिनं बिस्मिल्ला म्हणून गाठ मारली, आणि लेकीनं ती अक्षराचाच भाग समजून उचलली. गेल्या आठवड्यात सुलतानाचा कापड-तपासनीस त्या गाठीला हसला. बदराननं सुनावलं, “चूक ती चूक, खाला. सुई ठेवा आता.” तिचा तर सगळा जीव त्या सुईत. नमाज झाली की सुई, सुई ठेवली की नमाज.

पण आज बदरानच्या काखेत कापडात गुंडाळलेली फळी होती. “बंदरावर व्हेनिसचा व्यापारी उतरलाय, त्याची आहे. जपून हं, उसनी आणलीय.”

फळीवर बीबी मरियम, मांडीवर बाळ ईसा. आपल्यात अशी चित्रं काढत नाहीत. मी मनात तौबा म्हटलं, पण नजर हलेना. निळ्या ओढणीला सोनेरी काठ, आणि काठावर आपली अक्षरं!

“काय लिहिलंय?” खालानं विचारलं.

“डोंबल! फिरंगी चितारी, त्याला काय कळतंय? इथून गेलेल्या कापडावरच्या नुसत्या रेघोट्या उतरवल्यात. पण हे बघा.”

खांद्यापाशी, मधल्या अक्षरावर, गाठ.

खालानं बोट पुढं केलं आणि न टेकवताच मागं घेतलं.

“अम्मीची गाठ? समुद्रापार? बीबी मरियमच्या खांद्यावर?”

न वाचता येणाऱ्या बाईनं भरलं, न वाचता येणाऱ्या चिताऱ्यानं रंगवलं, आणि अल्लाहनं ती एवढीशी गाठ मधे कुठं हरवू दिली नाही.

बदरान खाकरला. “त्या व्यापाऱ्याला असे दहा काठ हवेत. बिनगाठीचा दाखवला, तर म्हणतो, हा नकली.”

“आणि तू चौकट न्यायला आला होतास ना रे?”

“मी? छे! घट्ट बसते का, बघायला आलो होतो.”

“मग बघ की. डावा खिळा ढिला आहे, ठोकून जा.”

तो मुकाट्यानं ठोकत बसला. खालानं अंगावर चादर घेतली.

“सुतैता, तुझी भाजी राहिली असेल, जा. मी पिवळं रेशीम आणायला बाजारात चाललेय.”