रत्नाच्या हातची वडी

यवतमाळला मधुसूदनपंत नाझरांकडे मुलगी पाहायला आलेल्यांपुढे आधी कैरीचं पन्हं आणि गरम सांबारवडी यायची. मुलगी पसंत पडली तर पाहुणे जेवायला थांबत. नाही तर वडी संपवून मोटारीची वेळ झाली म्हणत उठत. फुकटची वडी खाऊन गेलेले काही थोडे नव्हते.

सांबार म्हणजे कोथिंबीर. ती बारीक चिरायची, खोबरं-खसखस घालून बेसनाच्या पातळ पारीत गुंडाळायची आणि तळायची. हे काम थोरल्या शुभदाचं. लहानपणी देवी आल्या नि चेहऱ्यावर वण ठेवून गेल्या, म्हणून घरच्यांनी तिला चुलीपाशी बसवून मधल्या दोघींना पुढे केलं. वडीची तारीफ झाली की आई, इंदूबाई, जी मुलगी दाखवायची तिचं नाव ठोकून देत. दोघी अशाच उजवल्या.

एकसष्ट साली मारेगावच्या नंदकिशोर मास्तरांचं स्थळ आलं, ते चक्क शुभदासाठी. वणांचं काही नाही, असा निरोपही आला. शुभदाला तिसावं लागलं होतं. सकाळभर चुलीपाशी राबून, नवं लुगडं नेसून ती पाहुण्यांसमोर बसली. तिला हे लग्न हवं होतं. आडपडदा कशाला, फार हवं होतं.

मास्तरांच्या मावशीनं वडी तोंडात टाकली. "कोनाच्या हातची व्हय?"

"आमच्या रत्नाच्या," इंदूबाई बोलून गेल्या.

रत्नप्रभा म्हणजे शेंडेफळ, बावीस वर्षांची, गोरीपान. जिभेला लागलेलं वळण, दुसरं काय! चूक इंदूबाईंच्या लगेच ध्यानात आली. त्या सुधारणार, तोच मावशी म्हणाली, "तिलेही बलावा न, पाहू तरी." शुभदा आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आईनं आत वळून रत्नाला हाक मारली.

पाहुणे जेवायला थांबले. वाढायला शुभदाच होती.

"आई, काहून बोलली नाही तू?" पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं.

"दोघीतली एक तं उजवली न? आता मोडता नको घालू."

त्या दिवसापासून शुभदानं आईशी कामापुरतं बोलणं ठेवलं. आईच्या जिभेनं आपला संसार खाल्ला, हा राग तिनं इमानानं सांभाळला. सदुसष्टमध्ये इंदूबाई गेल्या, तेव्हाही ती कोरड्या डोळ्यांनी बसून होती.

त्या दिवाळीला रत्ना आणि मास्तर आले. जेवणाआधी शुभदानं वड्यांची ताटली मास्तरांपुढे ठेवली.

"अशी वडी रत्नाले जमत नाही," ते म्हणाले. "त्या दिवशीचीही तुमचीच होती, ताई. आम्हाले तवाच समजलं."

"कसं?"

"तुमच्या बोटाइले सांबाराचा हिरवा डाग होता न. पण मावशीनं आल्या-आल्या रत्नाले दारात पाह्यलं होतं. तुमच्या आईचा शब्द चुकला, अन् आयतं निमित्त भेटलं." मास्तर हसले. "आता कायले मनाले लावून घेता?"

म्हणजे आई बोलली असती, नसती, सारखंच होतं. सहा वर्षं शुभदा भलत्याच माणसावर रागावली होती, आणि ते सांगायला आता आई नव्हती.

तिनं त्यांच्यासमोरची ताटली उचलली, परसात जाऊन गाईपुढे उपडी केली आणि रत्नाला हाक मारली. "तुह्या नवऱ्याले तूच वाढ. माह्यानं होत नाही."